‘रुग्ण शांत आहे’

त्या माणसाचे हात मी बांधले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. आधी मनगटाला कापसाची घडी गुंडाळली, वरून बँडेजच्या पट्टीचे दोन वेढे दिले आणि टोकं पलंगाच्या दांडीला बांधली. दोन्ही हात मिळून चार मिनिटंही लागली नसतील. चौदा वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काढल्यावर अशा कामाला विचार करावा लागत नाही. हात आपले चालत राहतात.

माणूस साठी ओलांडलेला, लोहारा गावाकडे राहणारा. सगळ्या वयस्क पेशंटांना आम्ही बाबा म्हणतो, तसंच त्यांनाही म्हणायचो. आयुष्यभर ते जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी मोठी यंत्रं असतात, त्यांची दुरुस्ती करायचे. पोटातला अल्सर फुटला, घरच्यांनी गॅस समजून एक दिवस काढला, आणि यवतमाळला आमच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत पोटात पू पसरला होता. ऑपरेशन झालं. छातीखालून बेंबीच्याही खालपर्यंत टाके आले. फुप्फुसं थकली होती म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं, आणि एका लहानशा पंपातून झोपेचं औषध सारखं शिरेत जात होतं.

रोज सकाळी ते औषध कमी करायचं आणि पेशंट कितपत जागा होतो ते बघायचं, अशी पद्धत. औषध कमी झालं की बाबांचे हात सुरू व्हायचे. चादरीखाली, उशीखाली, गादीच्या कडेला. बोटं आत खुपसायचे, जरा थांबायचे, काढायचे, पुन्हा दुसरीकडे खुपसायचे. डोळे अर्धवट मिटलेले. त्या दिवशी असं चाचपत चाचपत हात तोंडाशी गेला आणि त्यांनी नळी धरली. मी दोन खाटा पलीकडे सलाईन बदलत होते. कशी पोचले ते आठवत नाही, पण पोचले. नळी निघाली असती तर त्या अवस्थेत ती परत घालणं जिवावरचं काम होतं. म्हणून हात बांधले, ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला, पंपाचा वेग वाढवला. वीस मिनिटांत सगळी हालचाल थांबली. मी फाईलमध्ये लिहिलं, ‘रुग्ण शांत आहे.’

हे वाक्य त्याआधी मी किती वेळा लिहिलं असेल, सांगता येणार नाही. लिहिताना मला बरं वाटायचं. मी स्वतः एका जागी बसणारी नाही. बोरी अरबला माहेरी गेले तरी आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागली आहे, दोन घास बसून खा. घरी टीव्हीपुढे बसले तरी हातात काहीतरी निवडायला लागतं. ड्युटीवर तर आठ खाटा, आठ मॉनिटर, त्यांतला एक ना एक वाजत असतोच. तो बंद केला की दुसरा. अशा ठिकाणी जो पेशंट हलत नाही तो चांगला पेशंट, असं माझं सरळ गणित होतं. नातेवाईकही काचेतून बघून म्हणायचे, झोपला आहे ना, मग बरं आहे.

दुपारी नव्या मॅडम राउंडला आल्या. भूलतज्ज्ञ, नागपूरहून नुकत्याच रुजू झालेल्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. फाईल चाळून त्यांनी विचारलं, "सिस्टर, ह्यांना दुखण्याचं औषध शेवटचं कधी दिलं?"

"सकाळी सहाला, मॅडम. आता झोपलेत."

"झोपलेत म्हणजे दुखत नाही, असं कशावरून?"

 मॅडम खाटेच्या पलीकडे गेल्या. "आपण जरा कूस बदलू या. तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघा."

आम्ही त्यांना एका अंगावर वळवलं. असं वळवण्याचं काम मी दर दोन तासांनी करत आले होते, पण तेव्हा माझं लक्ष पाठीवर असायचं, चादरीच्या सुरकुतीवर असायचं, नळ्या ओढल्या जाऊ नयेत यावर असायचं. या वेळी चेहरा बघितला. कपाळ आवळलं गेलं. मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. पायाची बोटं आत वळली. व्हेंटिलेटर ओरडायला लागला, कारण ते त्याच्या विरुद्ध श्वास घेत होते. मॉनिटरवर नाडी पळायला लागली. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं.

"डोळ्यातलं मलम असेल," मी म्हणाले.

"आज टाकलं होतं का?"

टाकलं नव्हतं. मॅडमनी ते ताणून धरलं नाही. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे माणसाला ओरडता येत नाही, एवढंच त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "झोपेच्या औषधानं दुखणं जात नाही, सिस्टर. माणूस फक्त सांगायचा थांबतो. आधी दुखण्याचं लावू. झोपेचं अर्ध्यावर आणू."

मी दुसरा पंप आणून लावला. तोंडाने ‘हो मॅडम’ म्हणत होते आणि मनात म्हणत होते, चौदा वर्षं आम्ही काय करत होतो इथे. पाऊण तासाने उगाच त्या खाटेपाशी गेले. कपाळ सैल झालं होतं. झोपेचं औषध निम्मं झालं होतं आणि माणूस सकाळपेक्षा जास्त स्वस्थ पडला होता. हात सोडायला मॅडमनी सांगितलंच होतं. डाव्या मनगटाची पट्टी काढली तर कापसाखालची कातडी एका बाजूने सोलली होती. म्हणजे मी बांधल्यावरही, पंप वाढवल्यावरही, ते हात ओढत राहिले असणार, आणि मी तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी खाटेपाशी होते. मलम लावलं. फाईलमध्ये जखमेची नोंद केली. ‘बांधल्यामुळे’ हा शब्द लिहायला मला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपेचं औषध पूर्ण बंद केलं. बाबा जागे झाले. पेशंटचं डोकं ठिकाणावर आहे की त्याला भ्रम झाला आहे, हे तपासायला एक ठरलेली चाचणी असते. नळीमुळे बोलता येत नाही म्हणून मान हलवून उत्तर द्यायचं. मी विचारलं, दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? हातोडीनं खिळा ठोकता येतो का? बाबा नुसते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ‘क’ म्हटलं की माझा हात दाबा, असं सांगून दहा अक्षरं म्हटली. एकदाही हात दाबला गेला नाही. मी खूण केली, भ्रम आहे. दुपारपर्यंत श्वास चांगला चालला म्हणून मॅडमनी नळी काढली. बसक्या आवाजात बाबांचे पहिले शब्द आले, "गेट खोला."

मला वाटलं पाणी मागताहेत. मी वाकले.

"गेट खोला. आग लागली."

"बाबा, दवाखाना हाय हा. तुमचं ऑपरेशन झालं."

त्यांनी ऐकलं नाही. हात गादीत खुपसला, काढला, उशीत खुपसला. उठायला लागले. टाके ताजे, पोटात पू काढायची नळी, लघवीची नळी. मी खांद्याला धरलं तर त्यांनी माझा हात झटकला आणि औषधांचा ट्रे खाली गेला. "तूनंच चाबी घेतली," ते म्हणाले. "माणसं आत हायेत. तूनंच कुलूप लावलं." पलीकडच्या पेशंटचा कफ काढायचं यंत्र सुरू झालं, त्याची घरघर ऐकून ते आणखी बिथरले. एक लाथ माझ्या कमरेत बसली. मी ओरडले त्यांच्यावर. काय ओरडले ते लिहीत नाही, पण ओरडले.

मॅडम आल्या तेव्हा मी धापा टाकत होते. "एक इंजेक्शन द्या मॅडम, झोपवून टाकू. नाहीतर बांधू द्या."

"आज झोपवलं तर उद्या पुन्हा इथूनच सुरुवात. हा भ्रम आपल्या औषधांनीही वाढतो." त्यांनी एक एक तपासलं. ऑक्सिजन, साखर, ताप, लघवी अडली आहे का, टाके दुखताहेत का. नळी काढल्यानंतरची दुखण्याच्या औषधाची मात्रा पुढे ढकलली गेली होती, गडबडीत माझ्याकडूनच. ती दिली. लघवीची नळी आता नको म्हणून काढायला लावली. बाबांचा जोर थोडा कमी झाला, पण हात थांबेनात, डोळे दाराकडे. मी खुर्ची ओढून त्यांच्या हाताजवळ बसले. बसून राहणं हेच माझ्याच्याने होत नव्हतं. दर मिनिटाला उठावंसं वाटत होतं.

चारला भेटीची वेळ. बाबांची बायको आली. बारीक चणीची, पदर खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. आत एकाच माणसाला, तेही दहा मिनिटं सोडायचो. ती खाटेपाशी आली, नवऱ्याचा तो अवतार बघितला, आणि न रडता मला म्हणाली, "तुमी ह्यायच्याशी कोन्या बाजूनं बोलता?"

मी खाटेच्या डाव्या बाजूला होते. पंप, मॉनिटर, कपाट, सगळं त्याच बाजूला. आम्ही सगळे डाव्या बाजूनेच जायचो.

"डाव्या कानानं काईच ऐकू येत नाही त्यायले. मशीनीपाशी राहू राहू गेला तो कान. उजव्यात बी मशीन लागते कानाची."

"कुठे आहे ती?"

तिने पिशवीत हात घातला. एका पॉलिथीनमध्ये कानाचं मशीन, दोरीचा चष्मा आणि खालच्या दातांची कवळी निघाली. "आणलं त्या दिवशी तुमीनंच तर देल्ली होती ही पन्नी. म्हनल्या, घरी नेऊन ठेवा, इथं हरपते."

हे खरं होतं. प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना मी हेच सांगायचे. आयसीयूत वस्तू हरवतात, मग भांडणं होतात. म्हणजे सकाळी मी एका बहिऱ्या माणसाला, चष्म्याशिवाय, त्याच्या बंद कानात दगड तरंगतो का म्हणून विचारत होते आणि तो उत्तर देत नाही म्हणून कागदावर खूण करत होते. भ्रम त्यांना होताच, त्यात शंका नाही. पण त्यातला किती त्यांचा आणि किती आम्ही घातलेला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मशीनची बॅटरी संपली होती. दहा मिनिटंही संपली होती. मॅडमनी वॉचमनला निरोप दिला की या मावशींना कितीही वेळा आत सोडा. ती बाजारात जाऊन बॅटरी घेऊन आली. चष्मा मी धुवून लावला, मशीन तिने लावलं. पहिल्यांदा तर उलटच झालं. एवढे दिवस जे बिपबिप त्यांना अंधुक ऐकू येत असेल ते एकदम कानात शिरलं आणि ते दचकून उठायला लागले. तिने उजवीकडून तोंड कानाशी नेलं.

"ऐका. मी आली. आपन दवाखान्यात हावो. तुमचं पोट चिरलं होतं."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आग?"

मॅडमनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की पेशंटच्या भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला होही म्हणू नका. कुठे आहे, कोणता वार आहे, किती वाजले, तेच शांतपणे पुन्हा पुन्हा सांगा. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "इझली आग. सगळे बाहीर हायेत."

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, असं खोटं नका सांगू."

"खोटं कायचं? लागली होती ना आग. लय साल झाले." आणि उभ्या उभ्या तिने सांगितलं. कापसात एखादा खडा येतो, यंत्रात घासून ठिणगी पडते, आणि ती ठिणगी ढिगाच्या पोटात धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही. एकदा तसा ढीग पेटला तेव्हा मागचं गेट कुलूपबंद होतं. आत पाच-सहा मजूर. बाबांनी लोखंडी पाइपने कुलूप तोडलं. कोणी दगावलं नाही, एकाचे हात भाजले. "तवापासून रोज सुटी व्हायच्या आधी हे ढिगायत हात घालून पाहेत. आत गरम लागते का. मंग घरी येत. घरी बी, गादी भरून आणली का, पैले हात घालत."

मी खाटेकडे बघितलं. बाबांचा हात गादीच्या शिवणीत कोपरापर्यंत जायची वाट शोधत होता.

आमच्या पुस्तकात याला एक ओळ आहे, की भ्रमातला पेशंट अंथरूण चाचपतो, चिमटीने ओढतो. ते लक्षण मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, नवीन मुलींना शिकवलं होतं. याच हालचालीसाठी मी आदल्या दिवशी त्यांचे हात बांधले होते.  मी ड्रेसिंगच्या कपाटाकडे गेले, कापसाचा एक न फोडलेला मोठा रोल काढला, निळा कागद फाडला आणि तो उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला. मॅडम तिथे नव्हत्या. असत्या तर मी ते केलं असतं की नाही, माहीत नाही.

बाबांनी कापूस बघितला. दोन बोटांनी तंतू ओढून पाहिला, जसा सगळे कापूसवाले पाहतात. मग पूर्ण हात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. बायको उजव्या बाजूला, मी तिच्या मागे. मॉनिटरवरची नाडी खाली येताना मी बघितली.

"थंडा हाय," ते म्हणाले.

"हो जी," ती म्हणाली. "थंडाच हाय."

त्यांनी हात काढला नाही. तसेच मागे टेकले आणि झोपले, कोणत्याही औषधाशिवाय, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीवर आले तर बाबा पुन्हा गेट खोला म्हणत होते. कापूस त्यांनी खाली टाकून दिला होता. आता तो कापूस मी त्यांना फसवायला आणलेला आहे असं त्यांचं म्हणणं होतं. बायकोलाही ते ओळखेनात, तिला कुणा सुपरवायझरचं माणूस समजले. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि तेव्हा मात्र रडली. मी मॅडमना म्हणाले, "काल तर बरे झाले होते." त्या म्हणाल्या, "हा असाच असतो. चढतो, उतरतो. आपण आपलं करत राहायचं."

आम्ही करत राहिलो. खाट खिडकीच्या बाजूला घेतली आणि दिवसा पडदा उघडा ठेवला. समोर भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. त्यांच्या पलंगाजवळचे अलार्म शक्य तेवढे बारीक केले, रात्रीच्या मुलींना सांगितलं की सहा वेळा उठवण्यापेक्षा तपासण्या एकत्र करा. दुखण्याचं औषध घड्याळ लावून, ते मागोत न मागोत. नळी निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दोघींनी धरून उभं केलं, खुर्चीत बसवलं, मग चार पावलं चालवलं. बायको दिवसभर उजव्या बाजूला. ती त्यांच्या तळपायांना तेल चोळायची आणि कानात घरचं सांगत राहायची. म्हशीने किती दूध दिलं, पांढरकवड्याला दिलेली पोरगी फोनवर काय म्हणाली, शेजाऱ्याने बोअर मारली तर पाणी लागलं की नाही. बाबा कधी उत्तर द्यायचे, कधी छताकडे बघायचे. माझ्यावरचा राग मात्र गेला नाही. मी जवळ गेले की त्यांचे दोन्ही हात आपोआप छातीशी यायचे. मी औषध द्यायला गेले तर तोंड मिटायचे, दुसऱ्या मुलीने दिलं तर घ्यायचे. मी त्यांच्या खाटेपाशी जाणं कमी केलं आणि बाकीच्या सात खाटांभोवती जरुरीपेक्षा जास्त फिरत राहिले.

आणखी दोन दिवसांनी सकाळी ते नीट जागे झाले. मॅडमनी उजव्या बाजूने, चष्मा-मशीन लावून, चाचणी घेतली. दगड पाण्यावर तरंगतो का, असं विचारल्यावर बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की डॉक्टरांनाच काहीतरी झालं असावं. मग बायकोला म्हणाले, "ही बाई काहून असं इचारून राह्यली?" दुपारी त्यांना जनरल वॉर्डात हलवलं. मी तेव्हा जेवायला गेले होते. खरं सांगायचं तर मुद्दाम गेले होते.

दीड महिन्याने ते दोघं तपासणीला आले. सर्जनना भेटून झाल्यावर बायको आयसीयूच्या दाराशी आली आणि मला बाहेर बोलावलं. "ह्यायले तुमाले काई इचाराचं हाय."

बाबा बाकावर बसले होते. वजन उतरलं होतं, शर्ट गळ्याशी मोठा झाला होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. हात त्यांनी छातीशी नेले नाहीत, पण मी बसले तसे जरा सरकले.

"मले झोप लागत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "तिथलं आठवते. हे माही बायको म्हनते, तो सगळा भरम होता, काईच खरं नाही. मंग मी म्हनतो, सगळं खोटं असन तर मी येडा झालो का? तुमी तिथं होत्या. एक एक सांगा. खरं का खोटं."

बायको हळूच म्हणाली, "म्या म्हनलं, कायले डोक्याले तरास. म्हनून सगळंच खोटं सांगतलं."

मी म्हटलं, विचारा.

"छतावर पाली होत्या. लय."

"खोटं. छताले पाण्याचे डाग हायेत, ते असन."

"मले कोनी उभं केलं होतं. मी चाललो."

"खरं. चार पावलं. एका बाजूनं मी होते."

"बाजूच्या खाटीवरचा पोरगा मेला."

 तरुण मुलगा होता, विषारी औषध पोटात गेलेला. भर दुपारी गेला. आम्ही पडदा ओढला होता आणि आम्हाला वाटलं होतं की बाबांना काही कळलं नाही, ते तर आगीचं बोलत होते. "खरं," मी म्हणाले. "तुमाले चालवलं त्याच दुपारी गेला तो."

बाबांनी बायकोकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "मी म्हनत होतो ना," ते म्हणाले. "त्याची माय रडत होती. मले वाटे, मी गेट खोललं नाही म्हनून मेला."

"नाही बाबा. तो विषारी औषधानं मेला. तुमचा काही संबंध नव्हता."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "अन् गेट?"

"गेट नव्हतं. कुलूप नव्हतं. चाबी बी नव्हती माझ्याजवळ." मी त्यांच्या हातांकडे बघितलं. "पण हात बांधले होते. ते खरं हाय. मीच बांधले. तुमी नळी ओढत होता, जीव गेला असता. पण तुमाले दुखत होतं, ते मी पाहिलं नाही. अन् सांगितलं ते तुमाले ऐकूच येत नव्हतं."

त्यांनी बाही वर केली आणि मनगट बघितलं. तिथे फिकट, नखाएवढी खूण राहिली होती. "हे म्हनत होती, सुईची हाय," ते म्हणाले.

"नाही. पट्टीची आहे."

माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होते, पण ते आधीच पुढच्याकडे गेले होते. माझ्या माफीसाठी ते आलेच नव्हते. त्यांना हिशेब लावायचा होता, कोणतं यंत्र चालू आणि कोणतं बंद, तसा. "अजून एक. कोनीतरी माह्या डोक्यावरून हात फिरवे. अंधार राहे. बोलत काई नव्हतं. बायको म्हनते, ते काई मी नव्हे, मले कुठं सोडत होते तवा. तुमी होत्या का?"

मी हो म्हणू शकले असते. बायकोही माझ्याकडे तसंच बघत होती, म्हणा हो. मी म्हणाले, "नाही. माझी ड्युटी दिवसाची होती. मी रात्रीच्या मुलींना विचारून सांगते."

त्या रात्रींना ज्या दोघी ड्युटीवर होत्या त्यांना मी विचारलं. एक म्हणाली, केलं असेल, आठवत नाही. दुसरी म्हणाली, आपल्याला कुठे वेळ असतो. त्या आठवड्यात रात्री सफाईला एक मावशी यायची, ती काम सोडून गेली होती. तिचा फोन लागला नाही. मी आताशा पेशंट आला की आधी विचारते, कोणत्या कानानं ऐकू येतं, चष्मा कुठे आहे, काम काय करायचे, आणि पन्नी परत देत नाही, उशाशी बांधून ठेवते. फाईलमध्ये ‘शांत’ लिहायचं की नाही, याच्यावर अडते आणि शिफ्ट संपून गेल्यावरही उभी राहते. बाबा पुढच्या तपासणीला आले तेव्हा मी सुटीवर होते. ते दारापर्यंत येऊन ‘त्या हाताचं काही कळलं का’ असं विचारून गेले, हे दुसऱ्या दिवशी मला कळलं.